अस्सलबरहुकूम

क्लाक्सविकच्या बंदरावर, मासळीच्या लिलावघरात
तीन सर्व्हर आहेत.
म्हणजे दोन माडीवर, आणि तिसरा
खाडीपल्याड शाळेच्या तळघरात,
मोडके बाक आणि चेपलेला पृथ्वीगोल यांच्या शेजारी.

रानव्हाने त्यांना पक्ष्यांची नावं दिली :
ट्याल्डुर, लुंडी, तेर्ना.
आधीचा माणूस नुसतं एक, दोन, तीन म्हणायचा,
आणि रात्री तीन वाजता
एक आणि दोन यांत फारसा फरक उरत नाही.

लिलाव चालवणारं यंत्र आभासी आहे.
त्याला हात लावता येत नाही.
ते ट्याल्डुरच्या पोटात राहतं,
आणि दर पंधरा मिनिटांनी ट्याल्डुर
त्याची खबर लुंडीला देतो.
सगळी नाही. सगळी एकदाच दिली, पहिल्या दिवशी,
नऊ तास लागले.
आता फक्त फरक,
मुरलेल्या जोडप्यासारखा :
काय विशेष?
काही नाही, खिडकीची कडी तुटली.

तेर्नाकडे माल नाही. तिला फक्त मत आहे.
मधली तार तुटली तर
ज्याच्या बाजूला दोन मतं, त्याने काम चालू ठेवायचं.
एकट्या पडलेल्याने गप्प बसायचं.
नाहीतर दोघेही म्हणणार, मीच खरा,
आणि तोच हॅडॉक दोनदा विकला जाणार.
रानव्हाच्या मामाने हे ऐकलं आणि म्हणाला,
आमच्या चर्चच्या कमिटीला बसव गं हे.

जानेवारी. मंगळवार. वारा असा, की
दाराला आतून खुर्ची लावलेली.
दोन एकेचाळीसला ट्याल्डुर गेला.
आवाज नाही. नुसता वास,
इस्त्रीखाली विसरलेल्या बटणासारखा.

दीड मिनिटात लुंडीच्या पोटात
तेच यंत्र उठून बसलं.
तेच नाव, तोच पत्ता, त्याच याद्या,
अस्सलबरहुकूम नक्कल,
दोन तीसपर्यंतची.
पुढची अकरा मिनिटं त्याच्या लेखी
उगवलीच नव्हती.

त्या अकरा मिनिटांत एकच बोट लागली होती.
रानव्हाने तुम्मासला फोन केला.
तो अजून डेकवर, नळी सुरू.
मघाशी लिहवलंत ते परत सांगा.
तुमच्या यंत्राला ऐकू नाही आलं?
आलं होतं. ज्याने ऐकलं, तो गेला.

नळी बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.
मग बराच वेळ नुसता वारा.

लिंग एकोणीस खोकी, तो म्हणाला.
हॅडॉक...
मघाशी त्रेसष्ट म्हणालो होतो.
बासष्टच आहेत.
एकात नुसता बर्फ होता, वर चार मासे.
रानव्हाने बासष्ट लिहिलं.
बरं, म्हणाली.
तो म्हणाला, बरं.

पावणेतीनला लुंडीने खबर काढली.
घ्यायला कुणी नव्हतं.
पडद्यावर लाल ओळ आली.
तीनला दुसरी.
सुटा भाग टोर्शहाव्नहून सकाळी येणार,
तेही रस्ता उघडला तर.

रानव्हाने लिलावाच्या जुन्या पावतीची पाठ घेतली,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि लुंडीसमोर स्टूल ओढून बसली.
लुंडी सांगेल ते आता
तिला घ्यायचं होतं. फक्त फरक.

३.०० कॉड, दहा खोकी.
३.१५ काही नाही.
३.३० काही नाही.
३.४५ तुम्मासची बोट गेली. दिवे एकदा मिचकावून.
(हे यादीत बसत नाही. तरी.)
४.०० काही नाही.
४.१५ वारा पडला.